नवं घर बांधण्याआधी बहिणीचीच सही का लागते?

गेल्या हिवाळ्यात आमचं गावचं घर पाडून नवं बांधायचं ठरलं. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. घर आजोबांच्या वेळचं. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे ओटी, मागे पडवी आणि वाळवीनं पोखरलेले वासे. शाकारणीला माणूस मिळेनासा झालाय आणि अम्मीला आता रात्री परसात जाणं झेपत नाही. म्हणजे घर बांधायला हवं होतं, यात वाद नाही. धाकटा भाऊ कतारला असतो. तो म्हणाला, पैसे मी पाठवतो, भाई, तुम्ही फक्त उभे राहा. मी पुण्यात नोकरी करतो, सुट्ट्या टाकून उभा राहायला तयार झालो. गावातलाच ठेकेदार ठरला. चिऱ्याच्या दोन गाड्या अंगणात येऊन पडल्या.

तेव्हा मोहल्ल्यातल्या एका जाणत्या माणसानं सल्ला दिला. "काम लावायच्या आधी दोघी बहिणींच्या सह्या घेऊन टाका. नंतर कटकट नको."

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, हे आधी कबूल करतो. अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली. वारस नोंदीला पाच नावं आहेत: अम्मी, आम्ही दोघे भाऊ, दोघी बहिणी. दस्तलेखकानं हक्कसोड पत्राचा मसुदा टाइप करून मोबाइलवर पाठवला. "स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय व कोणताही मोबदला न घेता." हे वाक्य त्याच्याकडे तयारच होतं, फक्त नावं बदलायची होती. मी तो मसुदा मुंब्र्याला आपाकडे पाठवला. आपा म्हणजे माझी थोरली बहीण, साडेतीनशे चौरस फुटांत पाच माणसांचा संसार करते. तिनं वाचला की नाही कोण जाणे. पाच मिनिटांत उत्तर आलं, "सही कुठे करायची आणि कधी येऊ, तेवढं सांग."

दोन दिवस मी त्या उत्तरावर खूश होतो. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराशी चौरस फुटांचा हिशेब करत बसलो होतो. त्याच कागदाच्या कोपऱ्यात सहज म्हणून दुसरा हिशेब मांडला. नवरा मागे मुलं ठेवून गेला तर बायकोला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन वाटे, मुलीला एक. सगळ्याचे 48 भाग केले तर अम्मीचे 6, आम्हा भावांचे प्रत्येकी 14 आणि बहिणींचे प्रत्येकी 7. घराची जागा सहा गुंठे. गुंठा 1,089 चौरस फुटांचा. एकेका बहिणीच्या वाट्याला पाऊण गुंठ्याहून जास्त, साधारण साडेनऊशे चौरस फूट. आपा मुंब्र्यात राहते त्या खोलीच्या अडीचपटीहून जास्त जागा मी तिच्याकडून एका व्हॉट्सअॅप निरोपावर मागून घेतली होती. बदल्यात काय, तर "नंतर कटकट नको."

हा लेख माझ्या घरापुरता असता तर लिहिला नसता. पण त्या दिवसापासून मी जिथे जाईन तिथे एकच प्रश्न विचारत सुटलो. घर नवं बांधलंत, छान झालं, कागद काय काय केलेत? उत्तर जवळजवळ सगळीकडे सारखंच आलं. बहिणीचं हक्कसोड पत्र केलं, नोंदणीकृत, पक्कं. पैसे पाठवणारा भाऊ आणि गावात राहणारा भाऊ यांच्यात काही लिहिलंय? छे, सख्ख्या भावाभावांत कागद कसला. ठेकेदाराशी? तो आपलाच माणूस, जुम्म्याला एका सफेत उभे राहतो. म्हणजे पन्नास-साठ लाखांच्या कामात कागद होतो तो एकच. जिच्याकडून घ्यायचं असतं तिच्याशी कायदा, आणि ज्यांच्याशी पुढे हमखास भांडण होणार असतं त्यांच्याशी भरोसा. हा भरोसा मला आता ढोंग वाटायला लागलाय.

आधी बहिणीचं बोलू. पहिला युक्तिवाद असतो की ती खुशीनं सोडते. खुशी तपासायची एक सोपी रीत आहे. तिचा हिस्सा आधी तिच्या हातात द्या. जागा असेल तर मोजणी करून तिच्या नावावर करा, पैसे असतील तर तिच्या खात्यात जमा करा. मग वर्षभर थांबा. वर्षानंतर ती आपण होऊन परत करायला आली तर ती खुशी. जे तिच्या हातात कधी आलंच नाही ते तिनं "खुशीनं" सोडलं, असं म्हणायला आपली जीभ कशी रेटते? आणि नाही म्हणण्याची किंमत तिला ठाऊक असते. ईदला बोलावणं येणार नाही, भावजय तोंड फिरवेल, उद्या नवऱ्यानं घराबाहेर काढलं तर परत यायला दार राहणार नाही. ती हिस्सा देऊन माहेर विकत घेत असते. तेही फसवं, कारण नव्या आराखड्यात तिची खोली नसतेच. जुन्या घरात निदान माजघर होतं. तिथे तिचं बाळंतपण व्हायचं, मे महिन्यात तिची पोरं ओळीनं झोपायची. नव्या बंगल्यात "मास्टर बेडरूम" भावाचा, तोही अकरा महिने कुलूपबंद.

दुसरा युक्तिवाद, लग्नात दिलं ना. लग्नात दिलं ते बापानं आपल्या हयातीत, आपल्या हौसेनं आणि बऱ्याचदा मुलाकडच्यांच्या दडपणाखाली दिलं. बापाच्या मृत्यूनंतर उघडणाऱ्या वारशाशी त्याचा संबंध नाही. तसं असेल तर मुलाच्या शिक्षणाचे, व्हिसाचे, एजंटला दिलेले पैसेही त्याच्या वाट्यातून वळते करा. तो हिशेब कुणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

काही हुशार घरांत तर बाप जिवंत असतानाच मुलींकडून लिहून घेतात. त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की आपल्या कायद्यात वारसाचा हक्क मृत्यूच्या क्षणी जन्माला येतो. त्याआधी तो नसतोच, मुलाचाही नाही आणि मुलीचाही नाही. जे नाही ते सोडता येत नाही, म्हणून अशा कागदाला साधारणपणे किंमत नसते. जन्मापासून हक्क असलेली "वडिलोपार्जित एकत्र मिळकत" ही कल्पना हिंदू कायद्यातली आहे. आपण ती बोलण्यात उचलली आणि सोयीपुरती वापरतो. अब्बांचं घर अब्बांचं होतं. ते गेले त्या क्षणी पाचही जणांचे हिस्से ठरले. कुणी मागो न मागो, फेरफार होवो न होवो.

सूरह निसामध्ये हे वाटे अपूर्णांकांसकट दिले आहेत. नमाजच्या रकाती किती, हे कुरआनात असं आकड्यांत सांगितलेलं नाही. वारशाचे आकडे मात्र आहेत. माल थोडा असो की जास्त, स्त्रियांचा त्यात ठरलेला हिस्सा आहे, असं तिथे आधी बजावलं आहे. वाटे सांगून झाल्यावर लगेच, या अल्लाहनं घातलेल्या मर्यादा आहेत आणि त्या ओलांडणाऱ्याचं काय होईल, तेही सांगितलंय. 2018 साली तिहेरी तलाकच्या विधेयकाविरुद्ध मालेगावात हजारो बुरखाधारी भगिनी रस्त्यावर उतरल्या. शरीयतमध्ये ढवळाढवळ नको, ही मागणी होती. त्यांना रस्त्यावर उतरा म्हणणाऱ्या भावांपैकी किती जणांनी घरी गेल्यावर त्याच शरीयतनं दिलेला हिस्सा बहिणीच्या हातावर ठेवला? 1937 चा शरीयत कायदा का आला, हेही आपण विसरलोय. रूढीनं मुलींना वारसा नाकारला जात होता. ती रूढी नको, आम्हाला शरीयत लागू करा, ही मागणी मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनी केली होती, आणि कायद्याच्या उद्देशांतच तसं नमूद आहे. आज तीच रूढी हक्कसोडीच्या दस्तावर बसून परत आली आहे.

इथे कुणीतरी नक्की म्हणेल की असं जाहीर लिहून तुम्ही विरोधकांच्या हातात कोलीत देता. समान नागरी कायद्याची चर्चा तापलेली असताना हे कशाला? मला हा प्रश्न नेहमी उलटा दिसतो. आपण आपल्या कायद्याचा जो भाग स्त्रीच्या बाजूचा आहे तोच पाळला नाही, म्हणून कोलीत आहे. मी लिहिल्यामुळे ते तयार झालेलं नाही. आणि हा लेख वाचणाऱ्या हिंदू मित्रांनी फार खूश होऊ नये. महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि देशानं 2005 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन एक सकाळ बसा आणि हक्कसोड करायला आलेल्या बायकांची नावं ऐका. सगळ्या आडनावांच्या बहिणी एकाच बाकावर बसलेल्या असतात, आणि भाऊ बाहेर झेरॉक्स काढत असतो.

आता भावांकडे येतो, कारण खरी पडझड इथे होते. कोकणातला मुसलमान आधी जहाजावर गेला, आफ्रिकेत गेला, आणि 1970 नंतर आखातात गेला. गावातली घरं त्या पैशावर उभी राहिली. कुठल्याही मोहल्ल्यातून चक्कर मारा. ग्रॅनाइटच्या पायऱ्या, गेटला कुलूप, आणि गच्चीवर वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया. भाऊ परत जाऊन चार वर्षं झाली, मजला चढलेला नाही, खाऱ्या हवेत सळया गंजून फुगल्यात. तो गंज कॉलमच्या आत किती उतरलाय ते कुणी पाहिलेलं नाही.

या घरात गावच्या भावानं उन्हात उभं राहून काम करून घेतलं, आखातातल्या भावानं पैसे पाठवले. जमीन दोघांची, बहिणींची आणि आईची. मग पाठवलेले पैसे म्हणजे नक्की काय होते? तो हिबा होता का, म्हणजे भावाला, आईला दिलेली भेट? हिबा असेल तर देणाऱ्यानं तसं म्हटलं पाहिजे, घेणाऱ्यानं स्वीकारलं पाहिजे आणि ताबा दिला पाहिजे. की ते कर्ज होतं? असेल तर कुणाच्या डोक्यावर आणि कधी फेडायचं? की त्या पैशानं त्याचा घरातला हिस्सा वाढला? वाढला तर कुणाचा कमी झाला? हे तीन वेगळे व्यवहार आहेत आणि तिन्हींचे परिणाम वेगळे. पैसे पाठवताना तिघांपैकी कुणीच यातलं काही ठरवलेलं नसतं. पहिली दहा वर्षं कुणाला गरजही वाटत नाही. मग आखातातली नोकरी जाते, भाऊ बायको-मुलांसह कायमचा परत येतो आणि पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरावरून भांडण लागतं. "घर माझ्या पैशाचं." "आणि पाच वर्षं गवंड्यांच्या मागे कोण पळालं? आईचं आजारपण कुणी काढलं?" दोघंही खरं बोलत असतात.

त्यात ग्रामपंचायतीच्या घरपट्टीचा उतारा काढून दाखवला जातो. बघा, माझं नाव आहे. ती कर आकारणीची नोंद आहे. पट्टी कुणाकडून घ्यायची एवढंच ती सांगते, मालकी सांगत नाही. पण गावच्या भावानं केव्हातरी आपलं एकट्याचं नाव तिथे लावून घेतलेलं असतं, आणि ते कळल्यावर दुसऱ्या भावाच्या डोक्यात जी आग पेटते ती कुठल्याच उताऱ्यानं विझत नाही.

ठेकेदाराचंही तेच. माझ्या मावसभावाच्या घराची गोष्ट सांगतो. बोली झाली मालासकट 1,800 रुपये चौरस फूट. हात मिळवले, चहा झाला, दुआ झाली. घर 30 बाय 40, म्हणजे 1,200 चौरस फूट, असं मावसभावाच्या डोक्यात. पण कोकणात पावसाच्या झडीपासून भिंती वाचवायला स्लॅब चारी बाजूंनी बाहेर काढतात. इथे अडीच-अडीच फूट काढला होता. स्लॅब झाला 35 बाय 45, म्हणजे 1,575. ठेकेदार स्लॅबच्या मापानं पैसे मागायला लागला. फरक 375 चौरस फुटांचा, पैशांत पावणेसात लाख. दोघांनाही आपण फसवले गेलो असंच वाटत होतं, आणि मी जेवढं पाहिलं त्यावरून खोटं कुणीच बोलत नव्हतं. "माप भिंतीच्या बाहेरून धरायचं की स्लॅबच्या कडेनं" हे एक वाक्य लिहिलं असतं तर झालं असतं. काम एप्रिलमध्ये थांबलं. जून उजाडला तेव्हा जुनं घर पाडलेलं आणि नव्याला भिंती नाहीत. चुलत्यांच्या पडवीत त्या कुटुंबानं पावसाळा काढला.

ठेकेदारांची बाजू मांडणारं कुणी लिहीत नाही, म्हणून तीही सांगतो. शारजाहून व्हिडिओ कॉल येतो, स्वयंपाकघर डावीकडे नको, उजवीकडे घ्या. भिंत कमरेइतकी चढलेली असते. ती तोडायची मजुरी कुणाची? कॉलवर "ते बघू" एवढंच बोलणं होतं. शेवटी त्या "ते बघू"चा भुर्दंड मजुराच्या अंगावर जातो. कर्नाटकातून, बंगालमधून आलेली ही माणसं, त्यांची दोन-दोन आठवड्यांची मजुरी थकते. घाम सुकण्याआधी मजुराला मजुरी द्या, ही हदीस आपल्या तोंडपाठ असते. मजूर ठेकेदाराचा, मला काय त्याचं, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण ठेकेदाराकडे पैसे का नाहीत, तर आपणच भिंत हलवली आणि त्याचे दिले नाहीत.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते पुढचं. आपल्यातली पुष्कळ माणसं गृहकर्ज काढत नाहीत, कारण व्याज हराम. मीही काढलं नाही आणि त्या निर्णयावर ठाम आहे. पण बँक व्याज घेते त्याबरोबर आणखी काही गोष्टी करते. जागेचे कागद तपासते, सगळे वारस कोण ते विचारते, आराखडा आणि अंदाजपत्रक मागते. पैसे एकदम देत नाही. जोतं झालं की इतके, स्लॅब झाला की इतके, आणि दर टप्प्याला आपला माणूस पाठवून काम बघते. आपण व्याज टाळलं, त्याबरोबर ही सगळी शिस्तही सोडून दिली. व्याज टाळलं म्हणजे व्यवहार पाक झाला, अशी समजूत करून घेतली.

मुसहफ उघडून बघा. सूरह बकरामध्ये व्याजाच्या आयती 275 पासून 281 पर्यंत आहेत. त्यांना लागूनच 282 वी येते. कुरआनातली सगळ्यात लांब आयत. ती कशाबद्दल आहे? मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार केलात तर लिहून ठेवा. लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं. ज्याच्यावर देणं आहे त्यानं मजकूर सांगावा. साक्षीदार घ्या. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. म्हणजे ज्या पानावर व्याज सोडायला सांगितलंय, तिथूनच पुढे बिनव्याजी व्यवहार कसा करायचा तेही सांगितलंय. पहिला भाग आपण पाळतो, मिरवतो. दुसऱ्यावर आलो की पान उलटतो.

मदरशात शिकलेल्या एका मित्रानं मला अडवलं. म्हणाला, बहुतेक फुकहांच्या मते हे लिहिणं फर्ज नाही, मुस्तहब आहे, आणि पुढच्याच आयतीत परस्पर विश्वास असेल तर त्याची वेगळी सोय आहे. बरोबर आहे. त्या सोयीतही ज्याच्यावर विश्वास टाकला त्यानं अमानत परत करावी, अल्लाहला भ्यावं, अशी अट आहे. आणि मुस्तहब गोष्टी आपण काय कमी करतो? कितीतरी सुन्नत-नफ्ल जीव तोडून पाळतो. ज्या मुस्तहबमुळे भावंडांची तोंडं पुढे वीस वर्षं एकमेकांकडे वळत नाहीत, तिथेच आपल्याला "फर्ज नाही ना" हे आठवतं.

शिवाय लिहिणं म्हणजे अविश्वास, हे आपणच मानत नाही. निकाह हा करार आहे, असं इतर धर्मीय मित्रांना आपण किती अभिमानानं सांगतो. काझी रजिस्टर उघडतो, महरची रक्कम लिहितो, वकील, साक्षीदार, सगळ्यांच्या सह्या होतात, आणि मग छुहारे वाटले जातात. त्या सहीमुळे नवरीचा अपमान झाला असं कुणी म्हणत नाही. ज्या जमातीकडे निकाहचं रजिस्टर आहे, त्याच जमातीकडे घराच्या व्यवहाराचं एक रजिस्टर का असू नये? अर्थात रजिस्टरमधली नोंद नोंदणीकृत दस्ताची जागा घेणार नाही. हक्क देणं-सोडणं असेल तर तो दस्त दुय्यम निबंधकाकडेच लागतो. पण कुणी किती पैसे कशासाठी दिले, हे मशिदीत चार माणसांसमोर लिहिलेलं असेल तर पुढे नाकारायला जीभ अडखळेल. खुत्ब्यात वारशाच्या आयतींवर वर्षातून दोन जुम्मे बोलायलाही काही हरकत नाही. मी लहानपणापासून ऐकत आलोय, अजून एकदाही कानावर पडलेलं नाही.

आमचं काय झालं ते सांगून थांबतो. हक्कसोडीचा मसुदा फाडला. बहिणींना फोन करून सगळा हिशेब सांगितला, 48 भाग, 7 भाग, साडेनऊशे फूट. आपा बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला पैसे चालतील, पोरीच्या कॉलेजला लागतील." धाकटीला पैसे नकोत, तळमजल्यावर एक खोली हवी, कागदावर तिच्या नावानं. अम्मीचं म्हणणं निघालं की तिचा महर अब्बांनी कधी दिलाच नव्हता. म्हणजे वाटणीच्या आधी ते देणं चुकवायला हवं, कारण कर्ज आधी, वारसा नंतर. पन्नास वर्षांपूर्वीची ती रक्कम आज हास्यास्पद वाटते, तरी लिहिली.

भावाशी दोन महिने बोलणं ताणलेलं होतं. बहिणींनी तुझे कान भरले, असं त्याला वाटत होतं. सहा पानांचा कागद त्याला पाठवला तेव्हा त्याचं उत्तर आलं, "माझ्यावर विश्वास नाही का?" मी लिहिलं, माझाच माझ्यावर नाही. हे खरं होतं, कारण आपाचा मसुदा मीच पाठवला होता. शेवटी असं ठरलं की आपाला तिच्या हिस्स्याची आजच्या भावानं किंमत द्यायची, निम्मी भावानं, निम्मी मी. बांधकामासाठी तो पाठवेल त्यातला निम्मा पैसा माझ्यावर कर्ज, दहा वर्षांत फेडायचा. धाकटीच्या खोलीचा खर्च आम्हा दोघांचा. घरपट्टीला सगळ्यांची नावं. वकिलाला दाखवून तो कागद पक्का करायचं काम चालू आहे.

ठेकेदारानं करार बघून आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग स्वतःच दोन कलमं घालून घेतली. भिंत हलवायची झाली तर आधी लेखी आणि आधी पैसे. मला ती आवडली. माप भिंतीच्या बाहेरून, पुढे आलेल्या स्लॅबला वेगळा दर. पैसे टप्प्यानं, मजुरांची हजेरी वही दर शनिवारी मला दाखवायची, आणि शेवटची रक्कम एक पावसाळा घरावरून गेल्यावर, गळती नसेल तर. स्लॅब मार्चअखेर पडला पाहिजे असंही लिहिलंय, कारण काँक्रीटची ताकद 28 दिवसांच्या हिशेबानं धरतात, आणि पहिले सात-दहा दिवस तरी त्यावर पाणी साठवून ठेवावं लागतं. एप्रिल उलटला की आमच्या विहिरीला तळ लागतो. मग टँकर कुणाचा, यावर भांडण. तेही लिहून ठेवलं: टँकर मालकाचा.

या सगळ्यात एक हंगाम गेला. चिरे अंगणात रचलेले आहेत, वरून पाऊस पडतोय. अम्मी अजून परसात जाते, तिथवर मी एक दिवा लावून दिलाय. काम दसऱ्यानंतर लागेल. जाणते गृहस्थ परवा मशिदीबाहेर भेटले. म्हणाले, "बघ, एवढ्या कागदांत वर्ष घालवलंस." खरंच घालवलं. त्यांच्या स्वतःच्या घराची केस खेडच्या कोर्टात चालू आहे, किती वर्षं ते मी विचारलं नाही.